देवदत्त कुंटे आणि इशिबाशींची तलवार

ऑन्टारिओतल्या विंडसरच्या मराठी मंडळात कुंटे दोन. एक बँकेतले आणि दुसरे तलवारवाले. तलवारवाल्या कुंट्यांच्या बेसमेंटमध्ये जपानी तलवारी असतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या पाहिल्या होत्या मोजक्याच लोकांनी. एका वर्षी शिवजयंतीचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये ठरला तेव्हा आम्ही कमिटीतले तिघंजण त्यांच्याकडे गेलो. स्टेजवर ठेवायला एखादी तलवार द्या, म्हणालो. कुंट्यांनी फडक्यात गुंडाळलेलं एक पातं काढून टेबलावर ठेवलं. गंजून काळपट झालेलं, टोक उडालेलं, मूठ नाही, म्यान नाही.

"काका, एखादी अख्खी नाही का?" आमच्यातल्या स्वानंदने विचारलं.

"अख्ख्या माझ्याकडे येत नाहीत," कुंटे म्हणाले.

आम्ही चहा पिऊन परत आलो आणि अ‍ॅमेझॉनवरून प्लॅस्टिकची मागवली. पण त्या दिवसापासून माझं त्यांच्याकडे जाणंयेणं सुरू झालं. पुढचं सगळं त्यांनी मला तुकड्यातुकड्यांत सांगितलं, काही त्यांच्या बायकोने, शुभदावहिनींनी सांगितलं, आणि शेवटचं थोडं मी स्वतः पाहिलं.

कुंटे मूळचे चिंचवडचे. तिथल्या एका टूलरूममध्ये शिकून तयार झाले आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी बायको आणि लहान मुलीला घेऊन विंडसरला आले. इथे नदीपलीकडे डेट्रॉइट, अलीकडे गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांना साचे पुरवणारी छोटीमोठी शॉप्स. कुंटे अशाच एका शॉपमध्ये साच्यांना पॉलिश करायचे. गाडीच्या हेडलाइटची काच म्हणजे खरं तर प्लॅस्टिक, आणि ते ज्या पोलादी साच्यात ओततात तो आतून आरशासारखा लागतो. साच्यात केसाएवढी रेघ राहिली तर ती प्रत्येक हेडलाइटवर उमटते. आधी हातातलं एअर ग्राइंडर, मग दगडाच्या कांड्या, मग हिऱ्याची पेस्ट, असं दिवसेंदिवस एकाच पोलादावर घासत बसायचं. काम झालं की साचा खोक्यात बंद होऊन जायचा. पुढे ते मॉडेल बंद पडलं की साचा भंगारात.

"माझं काम कुणी पाहिलेलंच नाही," ते एकदा म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, माहिती दिल्यासारखं म्हणाले.

त्याच शॉपमध्ये मोरिशिता नावाचे एक वयस्क पॉलिशर होते. निवृत्तीच्या आधी त्यांनी कुंट्यांना घरी जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर एक जुनं पातं दाखवलं. पातं गंजकं होतं, पण मध्ये अंगठ्याएवढी जागा मोरिशितांनी घासून उघडी केली होती. याला ते खिडकी म्हणायचे. दिव्याखाली धरल्यावर त्या खिडकीत पोलादाच्या आत लाकडासारख्या रेषा दिसल्या आणि धारेच्या कडेने दुधाच्या सायीसारखी एक पांढरी पट्टी. आपल्याकडे लोहार विळ्याच्या धारेला पाणी देतात, तेच हे पाणी. फक्त धारेला दिलेलं, पाठ मऊच ठेवलेली. कुंट्यांनी आयुष्यभर पोलाद घासलं होतं, पण पोलादाच्या आत काही पाहायला मिळतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढची बरीच वर्षं दर शनिवारी ते मोरिशितांच्या गॅरेजमध्ये बसत होते. मोरिशिता गेले तेव्हा त्यांच्या मुलीने सगळे दगड कुंट्यांच्या व्हॅनमध्ये भरून दिले.

इथे एक सांगायला हवं. तलवारीला पॉलिश करणारे खरे कारागीर जपानात असतात. दहा-दहा वर्षं गुरूकडे राहून शिकतात. कुंटे स्वतःला त्यांच्यातले समजत नसत. कुणी चांगलं पातं घेऊन आलं तर हात न लावता सांगायचे, जपानला पाठवा, थांबावं लागलं तरी थांबा. त्यांच्याकडे यायची ती तिकडून नाकारलेली. युद्धातून कुणाच्या आजोबांनी आणलेली आणि नातवंडांनी अंगणातल्या फांद्या तोडायला वापरलेली. टोक मोडलेली, वाकलेली, धारेला खाचा पडलेली. त्यांना कुंटे नवा आकार द्यायचे. टोक मोडलं असेल तर धारेच्या बाजूने घासायचं नाही, कारण तिथली पाणी दिलेली पट्टी गेली की पातं मेलं. पाठीकडून घासत खाली यायचं आणि उरलेल्या धारेलाच नवं टोक काढायचं. खाचा असतील तर अख्खी धार मागे सरकवायची. मशीन लावायचं नाही, पोलाद तापलं तर पाणी उतरतं. सगळं हाताने, दगडावर, पाण्यात. दर वेळी पातं थोडं लहान आणि थोडं बारीक व्हायचं. पण वाचायचं.

अशी किती वाचवली ते त्यांनी मोजलं नव्हतं. वाचवता न आलेलीही बरीच होती.

मग त्यांचे हात बिघडायला लागले. सुरुवातीला हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना दोन बोटं पांढरी पडायची, मेणबत्तीसारखी. गरम पाण्यात धरली की मुंग्या येऊन परत लाल व्हायची. पुढे सगळी बोटं पांढरी पडायला लागली, उन्हाळ्यातसुद्धा, ग्रोसरीच्या दुकानात फ्रीझरमधून मटारची पिशवी काढली तरी. शर्टाची बटणं लावायला शुभदावहिनी लागायच्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वर्षानुवर्षं ग्राइंडर हातात धरल्याने नसा गेल्या आहेत. ग्राइंडर बंद करा म्हणजे वाढणार नाही. गेलेलं मात्र परत येणार नाही.

"काहीच इलाज नाही?" वहिनींनी विचारलं.

"हातमोजे घाला," डॉक्टर म्हणाले.

शॉपने त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवलं. बोटांना स्पर्श कळत नव्हता, डोळे शाबूत होते. जाई, त्यांची मुलगी, दुसऱ्या प्रांतात लव्हालला फार्मसिस्ट आहे. तिने फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, यू हॅव टू स्टॉप. द बेसमेंट थिंग टू." कुंटे बरं म्हणाले. एक-दोन महिने खरंच खाली गेले नाहीत.

अशात गेल्या वर्षीच्या वसंतात मिसेस इशिबाशी आल्या.

फुमिये इशिबाशी चॅटमला राहायच्या, विंडसरपासून तासाभरावर. वय अठ्ठ्याऐंशी. नवरा जाऊन वर्षं झालेली, मूल नाही. भाच्याने गाडीतून आणून सोडलं आणि तो बाहेरच फोनवर बोलत थांबला. बाई ठेंगणी, कोट शेवटच्या बटणापर्यंत लावलेला. त्यांनी मांडीवर एक लांबट गाठोडं घेतलं होतं, ऑइलक्लॉथमधलं, वर सुतळी. ती सोडायला त्यांनाही जमेना आणि कुंट्यांच्या बोटांनाही जमेना. शेवटी वहिनींनी कात्री आणली.

आत हातभर लांबीपेक्षा थोडं जास्त पातं होतं. टोक गेलेलं. धार करवतीसारखी झालेली. पाठीवर हातोड्याचे घाव, इतके की पोलाद दोन्ही बाजूंना पसरून कडा आल्या होत्या. थोडं वाकलेलंही होतं.

"हे कुणी केलं?" कुंट्यांनी विचारलं.

"वॉल्टरने," बाई म्हणाल्या. जणू कुंट्यांना वॉल्टर माहीतच होता.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर मासेमारी करायचे. तलवार वडिलांच्या आजोबांची. बेचाळीस साली, जपानशी युद्ध सुरू झाल्यावर, सरकारने किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी माणसांना उचललं, तेव्हा फुमिये पाच वर्षांची होती. होडी गेली, घर गेलं. आईला आणि मुलांना व्हँकुव्हरमध्ये जनावरांच्या गोठ्यात ठेवलं, वडिलांना इकडे ऑन्टारिओत बीटाच्या शेतांवर पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी वडिलांनी तलवार शेजारच्या वॉल्टरकडे दिली. तोही कोळीच, चांगला माणूस. परत आलो की घेईन, म्हणाले. परत कुणाला जाऊच दिलं नाही. नंतर पुष्कळ वर्षांनी वॉल्टर स्वतः रेल्वेने चॅटमला आला, तलवार परत द्यायला. त्याने ती शेडमध्ये ठेवली होती आणि मधल्या काळात त्याच्या घरच्यांनी जळणाची लाकडं फोडायला वापरली होती. पातं लाकडावर ठेवायचं आणि पाठीवर हातोडा मारायचा.

"वॉल्टर आमच्या स्वयंपाकघरात बसून रडला," बाई म्हणाल्या. "वडिलांनी त्याला जेवायला वाढलं. तो गेल्यावर तलवार गुंडाळली आणि पलंगाखाली ठेवली. परत कधी उघडली नाही. मला म्हणायचे, तिच्यात ढग होते. आता नाहीत."

बाईंनी भाच्याकरवी जपानला फोटो पाठवले होते. दोन ठिकाणांहून अगदी नम्र उत्तर आलं होतं की यावर श्रम घेण्यासारखं काही उरलेलं नाही.

"मला ते ढग बघायचेत," त्या म्हणाल्या. "एकदाच."

कुंट्यांनी पातं खिडकीपाशी नेलं. धारेवरून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवलं. धारेला आडवा तडा असेल तर सगळं संपलं, कारण खाच घासून काढता येते, तडा काढता येत नाही. तो आत किती गेलाय ते कळत नाही आणि घासावं तसा तो पुढे पळतो. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही, नखाला अडतो. कुंट्यांनी नख दोनदा फिरवलं. खाचांना अडलं, बाकी कुठे अडलं नाही.

"होईल," ते म्हणाले. "लहान होईल, पण होईल."

वहिनी मला म्हणाल्या, त्या क्षणी मला ह्यांचा राग आला. जाईला शब्द दिलेला. पण बाईंचा चेहरा बघितला आणि चहा ठेवायला उठले.

मे महिन्यापासून कुंटे परत बेसमेंटमध्ये बसायला लागले. बुटक्या लाकडी स्टुलावर, पुढे पाण्याची बादली, दगड उजव्या पायाने दाबून धरलेला. थंड पाण्याने बोटं मरायची म्हणून ते कोमट पाणी घ्यायचे आणि गंज चढू नये म्हणून त्यात धुण्याचा सोडा टाकायचे. आधी मऊ पितळी हातोडीने ठोकत आणि लाकडाच्या खाचेत धरून दाबत त्यांनी बाक काढला. मग पाठीवरच्या पसरलेल्या कडा कानशीने उतरवल्या. मग धार. मी शनिवारी गेलो की ते वर न बघता बोलायचे. दगडावर पातं सरकायचा एक ओला, खरखरीत आवाज असायचा. त्यांना विचारलं तर ते सांगायचे की कोन बरोबर आहे की नाही हे हाताला कळतं. आता हाताला कळत नाही, म्हणून आवाजावर चाललंय.

जुलैपर्यंत खाचा बऱ्याचशा गेल्या. टोकाला आकार यायला लागला. पाठीकडून खाली उतरणारी एक सुरेख रेघ. एका ठिकाणी, मुठीच्या जरा वर, त्यांनी बारीक दगडांनी खिडकी उघडली. मला बोलावून दाखवली. साधारण अंगठ्याएवढी जागा. धारेच्या कडेने पांढरी पट्टी होती आणि तिच्या वरच्या काठावर खरोखरच ढगांसारखे फुगवटे, एकामागे एक, लहानमोठे. त्यांच्यामधून बारीक धूर निघाल्यासारखा.

"आहेत," कुंटे म्हणाले. "बाईंच्या वडिलांना वाटलं गेले. आत होते." त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बाईंना फोनही केला. फोनवर बाई काय बोलल्या ते कळलं नाही, कुंटे नुसते "येस, येस, क्लाउड्स," म्हणत होते.

ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी दुपारी ते पातं दगडावरून उचलून फडक्याने पुसत होते. पुसून बाजूला ठेवलं, चष्मा पुसला, परत पाहिलं तर पात्याच्या बरोब्बर मध्ये, धारेवर, एक ओली रेघ होती. केसाएवढी. त्यांनी पुसली. पातं कोरडं झालं. थोड्या वेळाने ती रेघ परत ओली झाली. आतून पाणी बाहेर येत होतं.

ते किती वेळ पुसत बसले ते त्यांना आठवत नाही. वहिनी चहाला बोलवायला खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात फडकं होतं.

"काय झालं हो?"

"तडा आहे."

"आता पडला?"

कदाचित तडा वॉल्टरच्या शेडमधलाच होता आणि वसंतात त्यांच्या नखाला अडलाही होता, पण नखाने सांगितलं ते बोटाला कळलं नाही. कदाचित बाक काढताना त्यांनीच तो पाडला. दोन्ही शक्य होतं. मला म्हणाले, "पहिलं असेल तर मी बाईंना खोटी आशा लावली. दुसरं असेल तर तलवार मीच मारली. तिसरं काही नाही."

मी म्हणालो, "अहो, ऐंशी वर्षांपूर्वीच तिचं वाटोळं झालं होतं."

"हो, पण आत्ता ती माझ्याकडे होती."

त्याच सुमाराला शॉपमधून नोटीस आली. नदीपलीकडच्या ऑर्डरी थांबल्या होत्या, आयातकरांचा गोंधळ चालू होता, आधी रात्रपाळी गेली आणि मग तपासणीचं टेबल. कुंट्यांनी घरी येऊन डबा सिंकमध्ये ठेवला आणि वहिनींना इतकंच सांगितलं, "उद्यापासून डबा नको." याबद्दल ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. तलवारीबद्दल बोलायचे.

चॅटमला जायला त्यांनी दोन आठवडे लावले. मग एक दिवस वहिनींना बरोबर घेऊन गेले. बाईंच्या छोट्या बंगल्यात पडदे अर्धे ओढलेले होते. उन्हाळ्यात त्यांची नजर फार उतरली होती. समोर बघताना मधोमध काळा ठिपका दिसतो, म्हणाल्या, माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. चहा वहिनींनीच केला.

कुंट्यांनी सगळं सांगितलं, नख फिरवल्यापासून. आपल्या बोटांचंही सांगितलं, जे वसंतात सांगितलं नव्हतं. बाई ऐकत होत्या.

"म्हणजे तुम्हाला हात नाहीत आणि मला डोळे नाहीत," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, कुंटेही हसले नाहीत. "आता काय करता येईल?"

"तशीच ठेवता येईल. दिसायला चांगली दिसेल. पण ती तलवार नाही, लोखंडाची पट्टी आहे."

"आणि दुसरं?"

"तड्यापाशी तोडायची. वरचा अर्धा टाकायचा. मुठीकडचा अर्धा ठेवून त्याला नवं टोक काढायचं. कट्यारीएवढी होईल. पण जिवंत राहील. ढग त्याच अर्ध्यात आहेत."

"वॉल्टरने लाकडं फोडली," बाई म्हणाल्या, "आणि आता आपण तिला तोडणार."

"नाही म्हणालात तर नाही."

बाई कपाच्या कानाशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईने गोठ्यात आम्हाला एका पांघरुणाची चार पांघरुणं करून दिली होती. तोडा."

वहिनी सांगत होत्या, परत येताना हायवेवर ते अगदी सावकाश चालवत होते, मागचे ट्रक हॉर्न देत होते.

पातं तोडायच्या दिवशी मी तिथे होतो. कुंट्यांनी मला मुद्दाम बोलावलं होतं, पातं पकडायचा व्हाइस घट्ट करायला त्यांच्या हातात जोर नव्हता म्हणून. तड्याच्या खालच्या बाजूला दोन बोटं जागा सोडून त्यांनी खूण केली आणि पातळ चकतीने पाणी सोडत सोडत, थांबत थांबत कापलं. वरचा तुकडा पडला तेव्हा फारसा आवाजही झाला नाही. नव्याने काढलेलं ते सुरेख टोक त्या तुकड्यातच गेलं. कुंट्यांनी तो उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि लगेच कामाला बसले.

उरलेल्या तुकड्याला टोक काढायला ऑक्टोबर संपला. रोजच्या कामासारखे बसायचे, शॉपला जायच्या वेळेला खाली आणि जेवायला वर. जाई मधेच थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आली होती. ती पायऱ्यांवर उभी राहून बघत राहिली आणि वर येऊन आईला म्हणाली, "आय कान्ट टेल हिम एनीथिंग, आई. लुक अ‍ॅट हिज हँड्स." तिने जाताना हात गरम ठेवायच्या बॅटरीच्या मोज्यांचा जोड टेबलावर ठेवला. ते घालून दगड धरता येत नाही.

दसऱ्याला दर वर्षी वहिनी त्या दगडांना हळदकुंकू वाहायच्या. या वर्षी पात्यालाही वाहिलं. कुंटे म्हणाले, "ओलं कुंकू नको, गंज धरेल." मग त्यांनीच कोरडी चिमूट घेऊन लावली आणि संध्याकाळी पुसून तेल लावलं.

नोव्हेंबरात टोक जवळजवळ झालं. पाठीकडून उतरलेली रेघ धारेला जिथे मिळते तिथे शेवटचं घासायचं होतं. पांढरी पट्टी टोकापर्यंत पोचत होती, बारीक झाली होती पण होती. कुंट्यांनी पातं पुसलं, खिडकीपाशी नेलं आणि वाट पाहिली. आता ते प्रत्येक वेळी वाट पाहायचे. पहिल्यांदा काही दिसलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग ते पात्याला तेल लावायला लागले आणि तेल पुसताना नव्या टोकाखाली बोटभर अंतरावर एक रेघ तेलाने काळी झाली. तिच्याखाली आणखी एक. आणि त्याखाली, मुठीच्या बाजूला, तिसरी.

हातोडा एकाच जागी थोडाच मारला होता.

त्यांनी मला फोन करून बोलावलं नाही. मी आपणहून शनिवारी गेलो तेव्हा स्टूल भिंतीला लावलेलं होतं, बादली उलटी घातलेली होती. कुंटे वर टीव्हीसमोर बसले होते. बर्फावरची हॉकी चालू होती, जी त्यांना कळत नाही.

"आणखी लहान करता येणार नाही?" मी विचारलं.

"आता भाजी चिरायची सुरी होईल," ते म्हणाले. "आणि तिच्यातही तडा असेल."

चॅटमला ते पहिला बर्फ पडायच्या आधी गेले. वहिनींच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं म्हणून या वेळी गाडी मी चालवली. म्हणून हे मी पाहिलं. बाई आरामखुर्चीत होत्या, पायावर शाल. आता त्या मान तिरकी करून बोलायच्या, कडेच्या नजरेने काही दिसतं का बघत. कुंट्यांनी फडक्यातलं पातं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सांगितलं की झालं नाही. तीन तडे आहेत. आता कुणालाच काही करता येणार नाही. आय अ‍ॅम सॉरी, म्हणाले, दोनदा.

बाईंनी मान डोलावली. पात्यावरून हात फिरवला, पाठीवरून, जिथे हातोड्याचे घाव होते तिथे. ते आता गुळगुळीत होतं.

"ढग कुठे आहेत?"

कुंट्यांनी त्यांचा अंगठा धरून खिडकीवर ठेवला. बाईंनी पातं उचललं, डोळ्याच्या अगदी जवळ धरलं, एका बाजूला, दुसऱ्या बाजूला. मी दिवा जवळ आणला. त्यांनी परत प्रयत्न केला. मग पातं खाली ठेवलं.

"मला दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा कसे आहेत."

कुंट्यांचं इंग्लिश शॉपमधलं. मापं, दगडांचे नंबर, ओके आणि नॉट ओके. त्यांनी सुरुवात केली, "इट इज व्हाइट, मॅडम. लाइक... लाइक..." आणि अडकले. माझ्याकडे बघितलं आणि मराठीत बोलायला लागले. दुधावर साय धरते तशी पट्टी आहे. तिच्या वर ढग आहेत, पावसाचे नाहीत, पाऊस पडून गेल्यावर राहतात तसले, मोकळे. एक मोठा आहे, त्याच्यामागे दोन लहान, मग जरा जागा, मग परत एक. त्यांच्यातून वाफ वर जातेय. वाफेच्या पलीकडे लाकडाच्या शिरांसारखं आहे. मी एकेका वाक्याचं इंग्लिश करत गेलो, जमेल तसं. 'मोकळे'ला मला शब्द सापडला नाही.

बाई ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "माझे वडील इतकं कधी बोलले नाहीत." आणि थोड्या वेळाने, "बघितलं असं मी म्हणू शकत नाही. पण थँक यू."

परतताना कुंटे एकदाच बोलले. "त्यांना वसंतातच खिडकी उघडून दिली असती," ते म्हणाले, "फक्त खिडकी, बाकी कशाला हात न लावता. तेव्हा त्यांना दिसत होतं."

मिसेस इशिबाशी फेब्रुवारीत गेल्या. झोपेत गेल्या, असं भाच्याने फोनवर सांगितलं. अंत्यविधी त्यांच्या चर्चमध्ये झाला, त्या दिवशी बर्फाचं वादळ होतं, कुंट्यांना जाता आलं नाही. मार्चमध्ये त्यांनी भाच्याला फोन केला. पातं मागायचं नव्हतं, नुसतं कुठे आहे ते विचारायचं होतं. त्याला तेल लावायला हवं, नाही तर खिडकीवर गंज चढेल, एवढं सांगायचं होतं.

भाचा भला माणूस. त्याने सांगितलं की घर रिकामं करायचं होतं, आपल्या फ्लॅटमध्ये लहान मुलं आहेत, अशी धारदार वस्तू ठेवायची भीती वाटली. म्हणून त्याने ती जवळच्या पोलीस स्टेशनात नेऊन दिली. त्यांनी घेतली. ते अशा वस्तू नष्ट करतात, वितळवतात बहुतेक, त्याने नक्की विचारलं नाही.

"वॉज इट वर्थ समथिंग?" त्याने काळजीने विचारलं.

"नो, नो," कुंटे म्हणाले. "इट वॉज क्रॅक्ड."

फोन ठेवून ते खुर्चीतच बसून राहिले. वहिनींनी कणीक मळायला घेतली होती, त्यांनी हात धुतले आणि बाहेर आल्या. कुंट्यांची बोटं पांढरीफटक पडली होती, घरात हीटर चालू असून. वहिनींनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चोळायला लागल्या.

"काही कळतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही," कुंटे म्हणाले. वहिनी चोळत राहिल्या.

या उन्हाळ्यात त्यांनी घर विकायला काढलं. जाईच्या जवळ, लव्हालला जाणार आहेत. दगड कुणाला हवेत का म्हणून त्यांनी दोन-चार ठिकाणी विचारलं. एकाने फोटो मागितले आणि पुढे काही कळवलं नाही. मी गेलो तेव्हा ते बेसमेंटमधून एकेक दगड वर आणून गॅरेजच्या भिंतीशी मांडत होते. मी मदत करू का विचारलं तर म्हणाले, वजन लागत नाही, फक्त हातात आहे की सुटलाय ते बघावं लागतं. आणि नजर दगडावरून न काढता ते पायऱ्या चढत राहिले.